राखणदाराच्या वहाणा

मोहनदा गेल्याचं कळलं तेव्हा मी कुवेतच्या शर्क भागातल्या आमच्या ऑफिसच्या लिफ्टमध्ये होते. त्या लिफ्टमध्ये फोनला कधी धड रेंज मिळत नाही, त्या सकाळी नेमकी मिळाली. फरवानियातल्या त्याच्या फ्लॅटमध्ये राहणारा दयानंद बोलत होता. "ताई, मोहनदा उठाक नाय. कंपनीची बस हॉर्न मारून गेली, तरी उठाक नाय." मी म्हटलं, "अरे, मग तोंडावर पाणी मार." माणूस अशा वेळी काय वाट्टेल ते बोलतो. दयानंद अगदी हळू म्हणाला, "ताई, हात थंड पडलेहत..." लिफ्टचं दार उघडलं, माणसं उतरली, दुसरी चढली, आणि मी कोपऱ्यात उभी राहून कितीतरी वेळ वरखाली होत राहिले.

परदेशात माणूस गेला की आधी त्याचे कागद गोळा करायचे, रडायचं मागाहून. पासपोर्ट, सिव्हिल आयडी, कंपनीचं पत्र, दूतावासाचा शिक्का. माझा नवरा शिरीष आणि दयानंद धावत होते आणि मी वनितावहिनींना फोनवर धरून बसले होते. त्या मोहनदाच्या बायको, बदलापूरला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग एकच विचारलं, "पायात काय घातलंय त्यांच्या?" मी विषय बदलून कागदांचं सांगायला लागले. कारण मोहनदाच्या चपला माझ्या घरी होत्या, माझ्या बैठकीच्या खोलीतल्या वेताच्या खुर्चीखाली. अजूनही तिथेच आहेत. त्या तिथे कशा राहिल्या, एवढंच खरं तर मला सांगायचं आहे, पण त्यासाठी बरंच मागे जावं लागेल.

मोहन कदम हा शुऐबाच्या एका कारखान्यात गेज आणि व्हॉल्व्ह सांभाळणारा तंत्रज्ञ. सडसडीत बांधा, कोरलेली मिशी, साठीला टेकलेला पण डोक्यावर एक केस पांढरा नाही. "रंग नाय हां, खानदानी," असं कुणी न विचारता सांगायचा. आमची ओळख इथल्या गणपतीच्या आरतीला झाली. प्रसाद वाटता वाटता एका काकूंनी त्याला गाठलं. "कदम म्हणजे कुठले हो? गाव कुठलं?" परदेशातल्या मराठी माणसाला गाव विचारणं ही काही नुसती चौकशी नसते. गावावरून वाडी कळते, वाडीवरून कूळ, आणि मग मनातल्या मनात ताट कुठे मांडायचं ते ठरतं. मोहनदा म्हणाला, "कणकवलीकडे." काकू कसल्या सोडतात! "कणकवलीकडे म्हणजे नक्की कुठे?" तर हा गंभीर चेहऱ्याने म्हणतो, "थोडा अलीकडे, थोडा पलीकडे. पाऊस असलो तर आणखी जरा लांब." मी मालवणी मुलखातली. मला हसू आवरेना, आणि त्या हसण्यावरच आमची दोस्ती जमली. तो मला 'बाय' म्हणायचा, मी त्याला मोहनदा. पुढे आमच्याकडे बांगड्याचं तिखलं खाताना त्याने आपण बौद्ध असल्याचं सहज सांगून टाकलं. "लपवतंय अशातलो भाग नाय. पण काकू सरळ इचारीनत तर सांगीन ना! सरळ कोण इचारता?" गावाचं नाव मात्र त्याला खरोखरच ठाऊक नव्हतं. त्याचे वडील रांगतं मूल असताना आजी त्यांना घेऊन मुंबईला आली ती आलीच. नातवाला तिने आपली बोली दिली, गोष्टी दिल्या, गावाचं नाव कधी तोंडातून काढलं नाही.

दर शुक्रवारी तो आमच्याकडे जेवायला यायचा. आमच्या इमारतीत प्रत्येकाच्या दाराबाहेर चपलांचा ढीग असतो. मोहनदा एकटा चपला हातात घेऊन आत यायचा, तळाला तळ लावायचा आणि वेताच्या खुर्चीखाली अगदी आपल्या टाचेशी ठेवायचा. मग त्याच खुर्चीत बसायचा. शिरीष पुण्याचा, त्याला अशा गोष्टी सुचत असतात. "मोहनराव, आमचा हारिस तुमच्या चपला नेणार नाही हो. त्याचा पाय हत्तीचा आहे." हारिस म्हणजे इमारतीचा रखवालदार. मोहनदा हसायचा, म्हणायचा, "चपला डोळ्यांआड करूची नाय, असा आजीन सांगल्यान हा." का, म्हणून विचारलं की पानातल्या सोलकढीचं कौतुक सुरू करायचा. आम्ही ते त्याचं खूळ म्हणून सोडून दिलं.

आता माझ्या गावाबद्दल. निवेखोल हे तळकोकणातलं छोटं गाव आणि आमचं घर तिथलं मानकऱ्यांचं. देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान आमच्याकडे, म्हणजे सध्या माझ्या बापूकाकांकडे. गाऱ्हाणं म्हणजे गावाने देवाशी मोठ्याने बोलणं. एकाने मागायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला 'होय म्हाराजा' म्हणून दुजोरा द्यायचा. दिवाळी झाली की जत्रेच्या आधी आमच्याकडे राखणदाराला राखण देतात. गावाच्या शिवेवर जो कुणी अदृश्य पहारेकरी फिरतो त्याला कोंबडा, घोंगडी, हातात धरायला काठी आणि पायात घालायला वहाणा. फिरून फिरून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून दर वर्षी नवा जोड. मला कुवेतची नोकरी लागली तेव्हा आईचा जीव थाऱ्यावर नव्हता. बापूकाकांनी पाणंदीतल्या दगडापुढे उभं राहून राखणदाराला सांगितलं, की चेडू परमुलखात जातंय, तिची पाठराखण कर, दर साली वहाणांचा जोड तिच्याकडून येईल. मी शिकलेली बाई आहे, बँकेत हिशेब तपासते, पण खोटं कशाला बोलू? मधल्या काळात माझी नोकरी गेली, इकाम्याची, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्याची, मुदत सरत आली, शिरीष घरात तापाने फणफणलेला, तेव्हा मी खिडकीशी उभी राहून दुसऱ्या कुठल्याच देवाला हाक मारली नव्हती. म्हटलं होतं, राखणदारा, सांभाळ रे बाबा. आणि त्याने सांभाळलं, असंच मी मानत आले.

गेल्या वर्षीच्या दिवाळीनंतर मी मुबारकियाच्या बाजारात वहाणा घ्यायला गेले. तिथे अरबी पद्धतीचे जाड कातड्याचे सँडल फार छान मिळतात. मोहनदाला कातड्यातलं कळायचं आणि अरबीत घासाघीस करायची हौस, म्हणून त्याला बरोबर घेतलं. दुकानदार म्हातारा, पायघोळ अरबी दिशदाशातला, सराईत हिंदी बोलणारा. "साइज कितना, मदाम?" मी म्हटलं, कोई भी. "कोई भी कैसे? आदमी कितना बड़ा है?" मला हसूच आलं. मोहनदाला म्हटलं, "आता देवाक कसलो माप? कसल्यापण चलतत. फक्त वाजूक व्हयेत."

"वाजूक?" तो एक सँडल हातात घेऊन वाकवून बघत होता.

"करकर आवाज येऊक व्हयो. बापूकाका दर वर्षी बजावतत. न वाजणाऱ्यो दिल्यो तर राखणदार घेणा नाय म्हणे."

त्याचे हात थांबले. "खंय असता तुमचो ह्यो राखणदार?"

मी खुशीत होते, गावचा विषय निघाला की माझी टकळी सुरू होते. सांगितलं त्याला सगळं. आमच्या काजूच्या बागेखाली पाणंद आहे, तिथे व्हाळ, म्हणजे ओढा, फुटून दोन धारा होतात आणि पुढे परत मिळतात. काठावर एक चिंच, वीज पडून मधोमध उभी चिरलेली, तरी दोन्ही बाजूंना पाला धरलेली. तिच्या मुळात त्याचा दगड. मोहनदा दुकानातल्या बाकावर बसला. आपल्या चपला काढून त्याने काखेत धरल्या, नवे सँडल पायात चढवले आणि त्या चिंचोळ्या दुकानात इकडून तिकडे चालला. करकर, करकर. दुकानदार खूश होऊन मान डोलवत होता. मोहनदा पायांकडे बघत म्हणाला, "बेचाळीस घे. आजी सांगी, माझे पाय आज्यावर गेलेहत."

मला काही उलगडलं नाही. मी हसले, म्हटलं, मोहनदा, आज तुला झालंय काय? तो खोकं मांडीवर घेऊन गाडीत बसला. फरवानियात आमच्या इमारतीखाली मी गाडी लावली, तरी तो उतरेना. आणि मग समोरच्या भिंतीकडे बघत त्याने मला माझ्याच गावाची गोष्ट सांगितली.

त्याचा आजा मुंबईच्या गोदीत कामाला होता. एका मे महिन्यात तो नव्या कोऱ्या वहाणा घालून गावी आला. त्या इतक्या वाजायच्या, की आजीला दोन शेतं लांबून कळायचं, नवरा आला. त्या काळी त्यांच्या माणसांनी देवळासमोरून पायात काही घालून जायचं नव्हतं. आजा गेला. एकदा गेला, काढायला सांगितल्या तर काढल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी परत गेला. तिसऱ्या खेपेला पाणंदीत माणसं वाट बघत होती. आजीने त्याच चिरलेल्या चिंचेआडून सगळं पाहिलं, कडेवर पोर होतं म्हणून पुढे झाली नाही. त्याच संध्याकाळी त्यांची वाडी पेटवली. गवताची घरं ती, जळायला किती वेळ लागणार! सगळे उठून व्हाळाच्या कडेकडेने चालत बंदराला गेले. जायच्या आधी आजीने चिंचेखाली त्याच्या वहाणा शोधल्या. मिळाल्या नाहीत. "म्हणान आजी बापाशीक सांगी, वहाणो डोळ्यांआड करू नको रे," मोहनदा म्हणाला. "वाडीच्या वरच्या अंगाक कातळाचो सडो होतो, म्हणी. वाडी होती थंयच आता तुमची बाग असतली."

दर मे महिन्यात त्या बागेतले काजू मी पिशवी भरून कुवेतला आणते. मोहनदालाही दर वर्षी दिलेत. त्याच्या मनातही तेच आलं असावं, कारण जरा वेळाने तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "काजी बरे होते गो." मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. आणि ज्याचा आजा मारला गेला, तो माणूस मलाच पाणी दे म्हणून शिरीषला फोन लावत होता. त्याला फक्त एक गोष्ट समजून घ्यायची होती. "पण बाय, मारलो तेका. मगे देव कित्याक केलो?"

ते मला बापूकाकांनी सांगितलं. त्याच आठवड्यात मी त्यांना फोन केला, सरळच विचारलं. आधी म्हणाले, "कोणी भरवल्यान तुझ्या डोक्यात?"  शेवटी बोलले. वाडी जळली त्या पावसाळ्यात गावात पटकी आली, गुरं मेली, पोरं गेली. कौल लावला तेव्हा देवाने सांगितलं, की शिवेवर एक जीव फिरतो आहे, त्याला राखणीला बांधून घ्या. त्याने जे मागितलं ते द्या. त्याने वहाणा मागितल्या होत्या, म्हणे. वाजणाऱ्या.  मारलं, घर जाळलं, आणि वर त्याच गावाच्या पहाऱ्याला बसवलं! बिनपगारी, कायमचा. मी म्हटलं, "काका, तेचो नातू हंय आसा. तेका तुमची जमीन नको, काय नको. तेचा येकच म्हणणा आसा, गाऱ्हाण्यात आज्याचा नाव घेवा. येकदा."

"नाव घेवचा नाय."

"कित्याक?"

"खुळी काय तू? नाव घेतला की राखणदार सुटता. मगे गाव कोण सांभाळतलो?"

हे ते रागावून बोलले नाहीत. खरोखर घाबरून बोलले. त्या भीतीशी वाद कसा घालायचा, ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही. खोटं बोलणाऱ्या माणसाला पकडता येतं. पण बापूकाका काहीच नाकारत नव्हते. झालेलं सगळं त्यांना मान्य होतं, आणि तरीही तो माणूस त्यांना शिवेवर हवाच होता.

मे महिन्यात मी निवेखोलला गेले. म्हटलं, समोर बसून बोलू. देवळात चार जुनी माणसं जमली. त्यांनी माझं ऐकून घेतलं, चहा पाजला, आणि एकाने समजुतीच्या सुरात म्हटलं, "चेडवा, तू वर्साक आठ दिवस येतस. आमका हंयच ऱ्हवाचा आसा." दुसरे म्हणाले, मेलेल्यांक उकरून काढून काय मिळतला? कुणी आवाज चढवला नाही. बापूकाका तेवढे घरी आल्यावर म्हणाले, की जास्त ताणलंस तर लोक आपल्या दारात यायचे बंद होतील, तुझ्या आईला म्हातारपणी पाणी देणारं कोणी उरणार नाही. मी तिरीमिरीत बाहेर पडले, पाणंदीत गेले. चिंच होती, व्हाळ आटलेला, दगडाला शेंदूर. माझ्या बेचाळीस नंबरच्या वहाणा दगडापुढे होत्या, सहा महिन्यांतच वाळवीने खाल्लेल्या. बाजूला घोंगडीची चिंधी आणि काठी. लहानपणापासून बघत आलेली ती काठी. राखणीची काठी आमच्याच घरून जाते. ओटीवर तेल पाजून ठेवतात आणि घरातला कर्ता पुरुष ती नेऊन ठेवतो, तो आमच्या घराचा मान. मी परत आले आणि बापूकाकांना विचारलं, की घोंगडी धनगराकडून येते, कोंबडा गावाचा असतो, मग काठी आपल्याच घरची का? ते सुपारी कातरत होते. कातरतच राहिले. म्हणाले, "ता इचारू नको." मी परत विचारलं नाही. माझे आजोबा मला खांद्यावर घेऊन जत्रेला जायचे.

कुवेतला परतल्यावर मोहनदाला सगळं सांगणं भाग होतं. काठीचंही सांगितलं. तो वेताच्या खुर्चीत बसून ऐकत होता, टाचेशी चपला. मला वाटलं, आता हा उठेल आणि परत या घरात पाय ठेवणार नाही. तसं झालं असतं तर बरं झालं असतं, मला निदान सोसायला काहीतरी मिळालं असतं. पण तो काठीबद्दल काहीच बोलला नाही. म्हणाला, "नाव घेतला तर सुटता म्हणतत? मगे सुटांदे की! माका कंपनी साठीक रिटायर करता, आणि तो मेल्यार सुद्धा ड्युटीवर?" शिरीषला हसू आलं, मलाही आलं, आणि मोहनदाचा चेहरा बघून दोघांनीही ते आवरलं. त्याला हे खरंच लागलं होतं. त्याचा देवादिकांवर विश्वास नव्हता, घरात त्याने कधी उदबत्ती लावली नाही. तरी आज्याला त्या चिंचेखालून सोडवायचं, या एका गोष्टीने त्याला पछाडलं. शुऐबाहून येताना बसमधून फोन करायचा. "बाय, आज गरमी बग काय आसा. तो थंय उनात उभो असतलो." मी म्हणायचे, मोहनदा, तो मेला आहे. तो म्हणायचा, "तुमच्या गावाक नाय वाटणा तसा."

त्याने ठरवलं, की निवृत्त होऊन या दिवाळीनंतरच्या राखणीला स्वतः जायचं. सगळ्या गावासमोर चिंचेखाली उभं राहायचं आणि आपणच नाव घ्यायचं. "माका काय वाळीत टाकतले? मी गावातच नाय." मी त्याच्याबरोबर जाणार होते. मला भीती वाटत होती, मारहाणीची, आईची, आमच्या घराच्या अब्रूची, सगळ्याचीच. पण जाणार होते. अब्रू राहिलीच कुठे होती!

दिवाळी जवळ आली आणि त्याला दम लागायला लागला. जिना चढून आला की खुर्चीत बसून बराच वेळ बोलायचा नाही. डॉक्टरने हृदयाचं दुखणं सांगितलं, गोळ्या दिल्या, प्रवास इतक्यात नको म्हणाला. मोहनदाने ती शेवटची गोष्ट वहिनींना सांगितलीच नाही. शेवटच्या शुक्रवारी तो आला तेव्हा जेवला नाही, नुसता भात चिवडला. राखण कधी आहे ते विचारलं, मी सांगितलं. म्हणाला, "पोचतलंय मी." दुपारी निघायला म्हणून उठला, खुर्चीखालून चपला ओढल्या, आणि पाय काही आत जाईना. पावलं सुजून टम्म झाली होती. त्याने एकदा जोर केला, दुसऱ्यांदा केला. शिरीषने आपल्या ढगळ रबरी स्लिपर आणून पुढे ठेवल्या. मोहनदा त्या पायात सरकवून उभा राहिला. मी त्याच्या चपला पिशवीत घालायला लागले, तर म्हणाला, "ऱ्हवांदे गो. फुडच्या शुक्रवारी नेतंय. तुझ्याकडे आसत म्हणजे डोळ्यांआड नाय." जिन्यावरून त्या स्लिपरांचा फटफट आवाज खालपर्यंत ऐकू आला. पुढचा शुक्रवार उजाडला नाही.

वनितावहिनींना मी नंतर सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, चपला सध्या तुमच्याकडेच असू देत, मला बघवणार नाहीत.

परवा निवेखोलला राखण झाली. या वर्षी मी वहाणा पाठवल्या नाहीत. पाठवणार कशा? मुबारकियाच्या त्या दुकानात जाऊन बेचाळीस नंबर मागायचा, म्हाताऱ्याने विचारायचं, वो भाई किधर है... नाही जमलं. बापूकाकांनी चौकशी केली, मी नाही म्हटलं, त्यांनी मालवणच्या बाजारातून जोड आणवला. दर वर्षी चुलतभाऊ मला व्हिडिओ लावून दाखवतो, तसा या वर्षीही लावला. तिथे तिन्हीसांज, इथे अजून दुपार. चिंचेखाली माणसं जमलेली. बापूकाका काठी हातात घेऊन उभे, आवाज आता थकला आहे त्यांचा. "बा म्हाराजा, सालाबादप्रमाणा ही राखण तुका देतंव... घोंगडी देतंव, काठी देतंव, वाजणाऱ्यो वहाणो देतंव... तां मान्य करून घे... लेकरांबाळांक सांभाळ, परमुलखात गेल्यांक सांभाळ..." होय म्हाराजा, होय म्हाराजा. मी ओरडले, "काका, नाव घेवा! धाकू तानू कदम! काका, तेचो नातू गेलो हो..." बापूकाकांनी वर बघितलं. त्यांनी ऐकलं, नक्की ऐकलं. एक क्षण त्यांचे ओठ हललेही. मग चित्र फिरलं, चिंचेचा पाला दिसला, आभाळ दिसलं, आणि फोन बंद झाला. परत लावला, कुणी उचलला नाही.

घरात मी एकटीच होते. बायका गाऱ्हाणं घालत नाहीत आमच्याकडे, मला त्याची धड रीतही ठाऊक नाही. तरी वेताच्या खुर्चीसमोर उभी राहिले. खाली मोहनदाच्या चपला, तळाला तळ लावलेल्या. हात जोडले आणि जसं जमेल तसं मोठ्याने म्हटलं. बा धाकू तानू कदमा म्हाराजा, आज तुजा नाव घेतलंय. आता आमची राखण करू नको. तुका मारल्यानी ते आमचेच, वाडी जाळल्यानी ते आमचेच, काठी आमच्या घरची. माका सांभाळलंस तितक्या पुरे झाला. आता सूट. नातू तुका हुडकीत इलो हा, अनवाणी इलो हा, तेका घेवन खंय जावचा थंय जा...

आणि मी थांबले. गाऱ्हाण्याची रीतच तशी आहे. एकाने म्हणून काही होत नाही, बाकीच्यांनी 'होय म्हाराजा' म्हणावं लागतं. त्याशिवाय ते देवाला पोचत नाही.

मी बराच वेळ उभी होते. कुणीच काही म्हणालं नाही.